सत्र सुरू होईपर्यंत काही शिकू नये

सोमवार, ३ मे. सकाळ.

ताईनं अखेर मान्य केलं. तिची मुलगी मिरी या वर्षी शाळेत जाणार नाही. तिला घरीच शिकवायचं, आणि शिकवणार मी.

भाऊजींचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते मी त्यांच्या दुकानात बसावं आणि लोकांना नळ, फरशा आणि कमोड विकावेत. सहा महिने आमच्याकडे राहतोयस, हात मोकळेच आहेत, असं ते म्हणाले. माझे हात मोकळे असतील, डोकं मोकळं नाही. हा फरक नळ विकणाऱ्याला कळणं अवघड आहे.

मिरीची तक्रार खरी आहे. चौथीच्या वर्गात तिला मोठ्यानं वाचायला उभं करतात, ती अडखळते आणि सगळा वर्ग हसतो. बाई गप्प करतात, पण आधी स्वतः थोडं हसून घेतात. वर्ष संपताना पोरगी रोज सकाळी पोट दुखतं म्हणायला लागली होती. ताई नर्स आहे, खरं पोटदुखणं कसं असतं ते तिला माहीत आहे.

ताईची अट: शाळा पाच जूनपर्यंत पाचवीची जागा राखून ठेवणार आहे. त्याच्या आत नीट शिकवून दाखव. नाहीतर ती शाळेत आणि तू दुकानात.

मी म्हणालो, निश्चिंत राहा. शाळा या संस्थेची मला आतून ओळख आहे. दहावीच्या गणितावरून बोर्डाचे आणि माझे दोनदा मतभेद झाले, त्यानंतर मी तिचा त्याग केला.

संध्याकाळ. मिरी गणिताचं पुस्तक घेऊन आली. आज सुरू करायचं का, असं विचारत होती. मुलांना पद्धत हा शब्दच माहीत नसतो. तिला परत पाठवलं.

मंगळवार, ४ मे.

मागची खोली वर्गासाठी मिळाली. तिथं भाऊजींच्या फरशांचे नमुने भिंतीला टेकून उभे आहेत आणि एका खोक्यात सुटे नळ आहेत. ज्ञान आणि नळ एका खोलीत नांदणार नाहीत, असं ताईला सांगितलं. ती म्हणाली, नळांना तुझा काही त्रास नाही.

महत्त्वाचा नियम केला. सत्र सुरू होण्याआधी मिरीची पूर्वचाचणी होईल. तोपर्यंत तिनं काहीही शिकू नये. नाहीतर आधीचं किती आणि माझ्यामुळे किती, हे मोजणार कसं? कोरी पाटी हवी. तिची सगळी पुस्तकं कपाटावर ठेवली. वाचनालयातून आणलेलं वाघाचं पुस्तकसुद्धा. ते अर्धं राहिलं होतं म्हणे. वाघाचं पुढं काय झालं ते विचारत होती. मी म्हटलं, सत्रात.

गुरुवार, ६ मे.

अभ्यासक्रम निवडण्यास प्रारंभ. चार पाहिले.

पहिला खोक्यातून घरी येतो. दिवसागणिक काय शिकवायचं ते छापलेलं असतं. माकडालाही शिकवता येईल अशी सोय. विकत घेणारे बहुधा तेच असावेत.

दुसऱ्यात पुस्तकंच नाहीत. मूल झाडाखाली बसतं आणि त्याला आपोआप समजतं. जाहिरातीतली आई टोपली घेऊन हसत उभी आहे. टोपलीत काय आहे ते कुठंही दिलेलं नाही.

तिसऱ्यात एक दाढीवाला पडद्यावरून ओरडतो. कितीला कितीनं गुणलं, असं विचारतो आणि कानाला हात लावून थांबतो. मी खोलीत एकटा होतो, तरी ओशाळलो.

चौथा फुकट आहे. पहिल्याच पानावर ‘विविद्यार्थी’ छापलंय, त्यातला दुसरा ‘वि’ कुठून आला कळेना. पुढं वाचलं नाही.

सुट्टीत सगळेच आईबाप असले काहीतरी घेतात आणि जूनमध्ये गादीखाली सारतात. माणसं विचार करत नाहीत. मी तुलनात्मक तक्ता करणार आहे.

रविवार, ९ मे.

तक्ता पूर्ण. प्रत्येक गुणाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे वजन दिलं. बेरीज केली तर फुकटचा पहिला आला.

वजनं बदलली. आता टोपलीवाली पहिली.

‘भाषेची शुद्धता’ असा नवा रकाना घातला आणि त्याला निम्मं वजन दिलं. आता खोकं पहिलं आलं. विज्ञान असंच चालतं, निष्कर्ष योग्य येईपर्यंत प्रयोग करावा लागतो.

भाऊजी मागून डोकावून गेले. काय मास्तर, एवढ्या वेळात पोरीचं लग्न ठरलं असतं, असं म्हणाले.

बुधवार, १२ मे.

शिस्त पाळणं किती अवघड आहे! मिरीनं सकाळी विचारलं की गरम पाण्यानं आंघोळ केली की आरसा का धुरकटतो. मी सांगितलं की हा विषय ऑक्टोबरमध्ये आहे. ती म्हणाली, पण आरसा आज धुरकटलाय ना. मी आरसा पुसला.

दुपारी तिला न्हाणीघरात पकडलं. शाम्पूच्या बाटलीवरचं वाचत होती. तेही मोठ्यानं, दार लावून, अडखळत. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा अडखळत. ‘केसांच्या मुळांपासून टोकांपर्यंत’ला चार वेळा आपटली. मी दार वाजवलं तशी चूप झाली. बाटल्यांवरची लेबलं काढून टाकली.

परिणामी संध्याकाळी भाऊजींनी डोक्याला फरशी धुण्याचं काहीतरी लावलं. जेवताना डोकं खाजवत म्हणाले, साल्या, पोरीला अडाणी ठेवायला मास्तर लागतो होय? ते तर मी फुकटात केलं असतं.

ताई हसली. ताईनं हसायला नको होतं. नर्सला वैज्ञानिक दृष्टी असावी अशी माझी अपेक्षा होती.

सोमवार, १७ मे.

खोकेवाल्या कंपनीच्या सल्लागार बाईंचा फोन. आवाज असा की जणू मीच पाच वर्षांचा आहे. आधी मुलानं त्यांची पूर्वचाचणी द्यायची, मग निकालाप्रमाणे खोकं येतं. प्रत्येक विषयाची पातळी वेगळी असू शकते म्हणे. खूप छान प्रश्न आहेत सर, मुलं एन्जॉय करतात, असं दोनदा म्हणाल्या.

मुलं काय, चिखलही एन्जॉय करतात. जी चाचणी मी स्वतः तपासलेली नाही ती माझ्या विद्यार्थिनीसमोर ठेवणार नाही. आधी मी देऊन बघतो.

मंगळवार, १८ मे.

चाचणी दिली. विद्यार्थ्याचं नाव टाकल्याशिवाय पान उघडेना, म्हणून मिरीचं टाकलं.

भाषा: बालिश. एकही चूक शक्य नव्हती. उलट प्रश्नांतल्या दोन चुका मीच दाखवून दिल्या, त्यासाठी जागा दिलेली नव्हती तरी.

गणित: अत्यंत सदोष. एक टाकी तीन चतुर्थांश भरलेली आहे, तिच्यातलं निम्मं पाणी काढलं. का काढलं? कोणी काढलं? टाकीचं चित्र नाही. पुढच्या प्रश्नात एक बाई भाकरीएवढा केक आठ जणांना वाटते आणि त्यातले तिघं घेत नाहीत. असल्या घरात मी मुलांना पाठवणार नाही. काही प्रश्न निषेध म्हणून सोडले. काहींची उत्तरं अंदाजे दिली, कारण हे तपासणं होतं, परीक्षा नव्हती.

शेवटी ‘पुढे’ असं बटण होतं. दाबलं. पुढे काहीच नव्हतं. ‘अभिनंदन मिरी, तुझी चाचणी आमच्याकडे पोचली’ असं आलं आणि एक ससा नाचला.

गुरुवार, २० मे.

सल्लागार बाईंचा फोन. सर, तुमच्या मुलीची भाषा विलक्षण आहे. नववीच्या पातळीची. मी म्हटलं, धन्यवाद. ते तोंडून निघून गेलं.

मग बाईंनी आवाज खाली आणला. गणिताचं मात्र थोडं, पण सर, रागावू नका हं तिला. मुलांच्या मनात कुठंतरी भीती बसलेली असते. आपण तिसरीपासून प्रेमानं सुरू करू. ती बोटांवर मोजते का?

मी म्हणालो, कधी कधी.

मोजू द्या, बाई म्हणाल्या. घरात कुणी तिला चिडवतं का?

मी म्हणालो, एक नळविक्रेते आहेत.

त्यांना समजावून सांगा, असं म्हणाल्या. निकालाप्रमाणे खोकं आजच निघालं. मी त्यांना सगळं कळवू शकलो असतो. पण मग चाचणी कोणी दिली ते सांगावं लागलं असतं, आणि विक्री विभागाला माझ्या खाजगी आयुष्याशी काही कर्तव्य नाही. शिवाय विचार केल्यावर पटलं की हेच उत्तम. भाषा नववीची म्हणजे झेप, गणित तिसरीचं म्हणजे पाया. इतर कोणालाही हे सुचलं नसतं.

पैसे ताईच्या कार्डावरून गेले. तिला रात्रपाळी आहे, उगाच त्रास नको.

मंगळवार, २५ मे.

वेळापत्रक तयार. सात रंग. विषय, उपविषय, उद्दिष्ट, विश्रांती, विश्रांतीचं उद्दिष्ट. रोज सकाळी अर्धा तास चिंतन (माझं). झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलं. त्यानं विचारलं, कुठल्या मोठ्या शाळेचं आहे? मी नुसता हसलो.

सत्रारंभ १ जूनला ठेवला होता. लॅमिनेट झाल्यावर लक्षात आलं की १ जून हा मंगळवार आहे. मंगळवारी सत्र सुरू करणं म्हणजे शर्टाचं दुसरं बटण आधी लावणं. सोमवार, ७ जून नक्की केला. ताई म्हणाली, अरे, शाळेला पाच तारखेला कळवायचंय, त्याआधी मला काहीतरी दिसायला हवं. तिला वेळापत्रक दाखवलं. ती म्हणाली, हे दिसलं. पोरगी शिकताना कधी दिसेल?

घाईनं जगाचं किती नुकसान झालं आहे याची ताईला कल्पना नाही.

शुक्रवार, २८ मे.

भयंकर प्रकार उघडकीस आला. घरी काहीच करू देत नाही म्हणून मिरी आठवडाभर भाऊजींबरोबर दुकानात जाते आहे. आज भाऊजी जेवताना फुशारकी मारत होते. एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघराला फरशीची किती खोकी लागतील ते मिरीनं सांगितलं, कडेच्या अर्ध्या आणि पाव तुकड्यांसकट. गिऱ्हाइकानं तिला चॉकलेट दिलं.

मी विचारलं, तिला पाव आणि अर्धा कोणी शिकवलं? भाऊजी म्हणाले, फरशी फुटली की दिसतं रे.

पाटी कोरी राहिली नाही. आता पूर्वचाचणीला काय अर्थ? ताईकडे तक्रार केली. ती गणवेशाला इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी ठेवली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, तू जेवलास का? माझा मुद्दा तिला पटला असावा.

मंगळवार, १ जून.

खोकं आलं. मिरीनं ते माझ्याआधी फोडलं. इतके दिवस वाट पाहत होती, असं म्हणाली. खोक्यात तोंड घालून वासही घेतला.

आधी गणित काढलं. चाळलं. मामा, हे मला तिसरीत झालंय. मी म्हणालो, पाया. ती म्हणाली, पाया झालाय ना पण.

मग भाषेचं काढलं, नववीचं. तिनं माझ्याकडे पाहिलं, उभी राहिली आणि न सांगता मोठ्यानं वाचायला लागली. पहिल्याच ओळीत ‘अंतर्मुख’ला अडकली. मागं आली, पुन्हा अडकली. मग थांबली आणि मी हसतोय का ते पाहत राहिली.

मी हसत नव्हतो. मी अनुक्रमणिका तपासत होतो, तिच्यात सातव्या धड्याचा पृष्ठक्रमांक चुकला आहे.

तिनं विचारलं, मामा, गणित बाळांचं आणि वाचायचं एवढं मोठं, म्हणजे मी ढ आहे का? खोकेवाल्या बाईंनी तसं सांगितलंय का?

मी तिला सांगितलं की हा प्रश्न सत्र सुरू झाल्यावर घेऊ.

पुस्तक खोक्यात परत ठेवून ती बाहेर गेली. खोकं नीट बंदही केलं नाही.

गुरुवार, ३ जून.

मिरीचं पोट दुखतं आहे. शाळा नसताना. मी ताईला म्हटलं, बघ, म्हणजे शाळेचा काही संबंध नव्हता.

ताईनं तिला जवळ घेतलं आणि विचारलं, चाचणी अवघड होती का गं? मिरी म्हणाली, कुठली? मी कुठं दिली? मामानं दिली, ससा नाचला तेव्हा मी मागंच होते.

ताईनं गणिताचं पुस्तक उचललं. त्यावरचा ‘तिसरी’ हा शब्द वाचला. मग मला वाचलं. भाऊजी चहा पीत होते, तो त्यांच्या नाकातून बाहेर आला. तिसरी! असं म्हणून ते टेबलावर डोकं ठेवून हलत राहिले. मी प्रश्नांच्या सदोषपणाबद्दल सांगू लागलो. टाकी, केक, सगळं. कोणी ऐकून घेण्याच्या स्थितीत नव्हतं.

ताई हसली नाही. ती म्हणाली, पोरगी दोन दिवस स्वतःला ढ समजतेय, आणि तू गप्प बसलास.

मी गप्प बसलो नव्हतो. मी पुढे ढकललं होतं. पण ताई तेव्हा शब्दांच्या छटा समजून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

मिरीनं मात्र विचारलं, म्हणजे तिसरीतली मी नाही? मामा आहे? आणि तिचं पोट दुखायचं तिथल्या तिथं थांबलं. दोन वाट्या भात खाल्ला.

शनिवार, ५ जून.

शेवटचा दिवस. मी सकाळीच मागच्या खोलीत वेळापत्रक टांगलं. हातोडी फरशीच्या नमुन्यावर पडली आणि नमुना फुटला. बरोबर अर्धा नाही.

ताईनं सगळ्यांना टेबलाशी बसवलं. मी टिपण तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, तू नको, मिरी बोलेल. मिरी, घरी शिकायचं की शाळेत जायचं? तुला नको असेल तर मी शाळेला आत्ता नाही म्हणून कळवते. खरंच.

दहा वर्षांच्या मुलीवर धोरणात्मक निर्णय सोपवणाऱ्या घराचं काय होणार!

मिरीनं टेबलक्लॉथच्या कडेची गुंडाळी केली, पुन्हा सोडली. मग म्हणाली, शाळेत.

ताई म्हणाली, अगं, ते हसतात ना?

मिरी म्हणाली, हसतात, पण ऐकतात तरी. मामा ऐकतच नाही. तिथं पहिल्या दिवशी पुस्तक उघडतात. मामाची तयारी झाली की सांगा, मग मी येईन.

ताईनं फोन उचलला, शाळेला कळवलं आणि बाईंशी वाचनावरून जरा वेगळ्या आवाजात बोलली. तो आवाज ती बहुतेक इंजेक्शनला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांसाठी वापरते.

भाऊजी मला म्हणाले, सोमवारपासून ये. तुला सोमवार आवडतो ना?

माझ्या पद्धतीचा पराभव झालेला नाही. ती वापरलीच गेली नाही. हे दोन वेगळे मुद्दे आहेत.

सोमवार, १४ जून.

शाळा सुरू. मिरी सकाळी गेली. दारात एकदा पोटाला हात लावला, मग काढला.

दुकानात माझा दुसरा आठवडा. भाऊजी गिऱ्हाइकांसमोर मला मास्तर म्हणतात. आज एक जोडपं आलं, न्हाणीघराच्या भिंतीला अर्ध्या उंचीपर्यंत फरशी हवी होती, कडेला पाव. बायकोनं विचारलं, किती खोकी लागतील. मी तिला सांगितलं की आधी आपण उद्दिष्ट ठरवू. नवरा म्हणाला, उद्दिष्ट आंघोळ. अडाणी माणसं. भाऊजींनी येऊन दोन मिनिटांत हिशोब केला, तोही पुठ्ठ्यावर.

सगळे नळ मी आकारविल्हे लावले आहेत. त्याबद्दल कोणी काही बोललेलं नाही.

पाच वाजता मिरी शाळेतून थेट दुकानात आली. मी विचारलं, हसले का? म्हणाली, हसले, पण कमी, बाई नाही हसल्या. मग दप्तरातून खोक्यातलं तिसरीचं गणित काढलं. कंपनी ते परत घेत नाही. कमोडच्या नमुन्यावर बसून तिनं सांगितलं, मामा, रोज पाच वाजता. मी उदाहरण मोठ्यानं वाचणार, तू सोडवायचं. तू मला हसायचं नाही, मी तुला हसणार नाही.

मी विचारलं, सुरुवात कधीपासून? तयारीला किमान पंधरा दिवस लागतील. ती म्हणाली, आत्ता.

ना तक्ता, ना उद्दिष्ट, ना विश्रांती. याला नियोजन म्हणत नाहीत.

तिनं पहिलंच उदाहरण वाचलं, पुन्हा टाकीचं. ‘तीन चतुर्थांश’ला अडकली, मागं आली, पुन्हा अडकली, तिसऱ्यांदा पार झाली. मी हसलो नाही. हसायला आधी उदाहरण कळावं लागतं. तेवढ्यासाठी तिला पुन्हा वाचायला लावलं, मग पुन्हा. चौथ्या खेपेला तर ती एकदाही न अडखळता वाचून गेली, आणि टाकी तिथंच होती.

मी उत्तर दिलं. तिनं फुली मारली. ठरल्याप्रमाणे हसली नाही.

भाऊजी हसले. ते करारात नव्हते.